दार लावून बोलायची गोष्ट

२२ एप्रिल

सेवा केंद्र सुरू केल्यापासून पहिल्यांदाच असं काम आलं की ज्यातलं मला काहीही माहीत नाही. म्हणून फार दिवसांनी ही वही उघडली.

दुपारी वसराम काका आणि प्रेमदास काका आले. वसराम काका बाबांचे चुलतभाऊ. नांदेडच्या एका सरदारजींच्या ओळखीने ते न्यूझीलंडला गाईंच्या फार्मवर कामाला गेले तेव्हा मी पाचवीत होते. दीड वर्षापूर्वी गुडघा गेला आणि ते कायमचे परत आले. प्रेमदास काका त्यांचे धाकटे भाऊ. वसराम काका तिकडे होते तोवर इकडची शेती, घर, व्यवहार सगळं हेच बघायचे.

तिकडे म्हणे प्रत्येक पगारातून थोडे पैसे काढून माणसाच्या म्हातारपणासाठी एका फंडात ठेवतात. मालकही त्यात आपली भर घालतो. म्हातारा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पण माणूस तो देश कायमचा सोडून गेला, तर वर्षभरानंतर अर्ज करून ते पैसे आपल्या देशात आणता येतात. मला हे ऐकून फार आश्चर्य वाटलं. आपल्या तांड्यातल्या एका माणसाच्या म्हातारपणाची काळजी समुद्रापलीकडे कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेली आहे.

बोलले सगळं प्रेमदास काकाच. "ह्याचा पैसा तिकडं अडकून राहिला. तू शिकलेली हायेस, तू काढ. कळमनुरीत रोडवरची जागा पाहून ठेवली मी. हार्डवेअरचं दुकान टाकायचं. दोघा भावांचं." कागदांची पिशवी त्यांच्या खांद्याला होती. वसराम काका बाकावर बसून पंख्याकडे बघत होते. मी त्यांना जन्मतारीख विचारली, ती प्रेमदास काकांनी सांगितली.

किती रक्कम आहे ते मला कागदावर दिसलं. ती इथे लिहिणार नाही. का ते नीट सांगता येत नाही. ती माझी नाही, एवढंच.

२५ एप्रिल

फंडाचं गोपनीयतेचं निवेदन पूर्ण वाचून काढलं. कोणी वाचत नसेल, पण मला सोडवेना. शब्दकोश शेजारी घेऊन दोन बैठकांत संपवलं.

त्यात लिहिलंय की तुमची माहिती कोण पाहू शकतो, कशासाठी पाहू शकतो, ती दुसऱ्या देशात पाठवायची तर तिथेही तिला तितकंच संरक्षण असेल ना ते आम्ही बघू. आमच्याकडे तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्ही कधीही मागू शकता, चुकीचं असेल तर दुरुस्त करून घेऊ शकता. आणि एक वाक्य तर मी पाठच केलं: सभासदाशिवाय इतर कोणालाही, मग तो कितीही जवळचा असो, आम्ही काही सांगणार नाही.

हे वाचून मी केंद्रातल्या कागदांकडे बघितलं. लोकांच्या आधारच्या झेरॉक्स टेबलावर उघड्या पडल्या होत्या. एकीच्या पाठीमागे मीच शाईचा पेन चालतो का ते बघितलं होतं. सगळ्या गोळा करून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. वसराम काकांच्या प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहिलं: 'फक्त पेन्शन फंडाच्या अर्जासाठी.' आता ती प्रत कोणाच्या हाती पडली तरी तिच्यावर सिमकार्ड काढता येणार नाही.

संध्याकाळी बेबी काकी, वसराम काकांच्या पत्नी, पाण्याला जाताना थांबल्या. म्हणाल्या, "निलम, तिकडंच ठेवलं तर खराब होतं का गं ते?"

मला हसू आलं. म्हटलं, "काकी, पैसा काय दूध आहे का नासायला? उलट वाढतो."

"व्हय का," म्हणाल्या आणि गेल्या. माणसांना इतकी साधी गोष्टही कोणी कधी समजावून सांगत नाही. माझं केंद्र त्यासाठीच आहे.

३ मे

अर्ज परत आला. कारण वाचून चेहरा गरम झाला. ईमेल आणि मोबाईल सभासदाचा स्वतःचा हवा, सेवा केंद्राचा चालणार नाही.

मी माझाच टाकला होता. सगळ्यांचा माझाच टाकते. पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशन, अर्ध्या तांड्याचे ओटीपी माझ्या फोनवर येतात. हिंगोलीला ज्यांच्याकडे मी काम शिकले तेही असंच करायचे. आजवर मला ती मदत वाटत होती. आज विचार आला, माझा फोन हरवला तर अर्धा तांडा हरवेल.

वसराम काकांना बोलावून त्यांचा ईमेल काढला. केंद्रात नेहमीची गर्दी होती. ऊसतोडीची माणसं परत आल्यापासून तांडा गच्च भरलाय, आणि सावलीत पंखा फक्त माझ्याकडे. मी विचारलं, "काका, पासवर्ड काय ठेवायचा? दुसऱ्या कोणाला सुचणार नाही असा सांगा."

बाकावरून लगेच सूचना सुरू झाल्या. एक म्हणाला सेवालाल ठेवा. दुसरा म्हणाला ते तर सगळेच ठेवतात. प्रेमदास काका म्हणाले, माझ्या पोराचं नाव ठेव. शेवटी वसराम काका म्हणाले, "डेझी. माझी गाय होती तिकडं." सगळ्यांना आवडलं. दारातल्या म्हाताऱ्या पेमाबाईंनी विचारलं, "दूध किती देत होती?" त्यावरही बरीच चर्चा झाली.

असा तांड्याने एकमताने पासवर्ड ठरवला. लोक गेल्यावर मी काकांना थांबवून घेतलं आणि म्हटलं, आता दुसरा ठेवा, मी तोंड फिरवते. ते बराच वेळ कळा दाबत होते. मग हळूच म्हणाले, "हा अर्ज सुरू झाला की मधीच थांबतो का गं?"

मी म्हटलं, "नाही थांबणार. मी आहे ना. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

ते मान हलवून गेले.

९ मे

आज काय झालं ते लिहायला हवं.

फंडाची बाई व्हिडिओवर काकांशी बोलून ओळख पटवणार होती. वेळ सकाळची साडेनऊ, तिकडचे दुपारचे चार. मी केंद्रात टेबल पुसून फोन उभा करून ठेवला होता. काका आले ते धुतलेला सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून. आणि मागे सगळा तांडा. तांड्याचे प्रमुख, नायकबाबा गुलाबचंद, खुर्ची घेऊन पुढे बसले. केंद्राची खोली त्यांचीच, त्यांना काय म्हणणार. म्हातारी माणसं खाली, बायका दारात, पोरं खिडकीत.

बाई पडद्यावर आली. हसून नमस्कार केला. काकांना नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. काकांचं इंग्रजी ऐकून मी चकित झाले. व्याकरण काही नाही, पण सरळ आणि न घाबरता, गाईला हाक मारावी तसं. मग तिने विचारलं, तुम्ही आत्ता खोलीत एकटे आहात का?

काकांनी अभिमानाने फोन उचलला आणि सावकाश सगळीकडे फिरवला. म्हणाले, "नो मॅडम. ऑल हिअर. माय चीफ. माय ब्रदर. ऑल व्हिलेज विटनेस." नायकबाबांनी मिशीवरून हात फिरवून नमस्कार केला. पेमाबाईंनी तर पदर सारखा केला.

बाईने एक-एक चेहरा पाहून घेतला. मग फार नम्रपणे म्हणाली की आज आपण इथेच थांबू. सभासद बंद खोलीत एकटा असल्याशिवाय ती पुढचे प्रश्न विचारू शकत नाही.

फोन काळा झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

१० मे

रात्रभर नायकबाबांचं बोलणं डोक्यात घुमत राहिलं. ते काल म्हणाले, "मी नायक. माझ्या बापाच्या वेळेपासून तांड्यात जे काही ठरलं ते चार माणसांत बसून ठरलं. चार माणसांसमोर बोललं ते खरं. दार लावून काय बोलतेत? जे चोरीचं असतं ते. ही कसली फंडवाली, जिला साक्षीदार चालत न्हाईत?"

खरंच, आपल्याकडे एखाद्याच्या बाजूने माणसं येऊन उभी राहिली तर त्याची बाजू बळकट होते. तिकडे त्याच माणसांमुळे संशय येतो. कॉलेजात मी खासगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला होता, बक्षीसही मिळालं होतं. पण आमच्या घरात आतल्या खोलीला दार नाही आणि मला ते आजवर जाणवलंही नव्हतं.

याडीला, म्हणजे आईला, विचारलं, तुला कधी एकटीनं कोणाशी बोलावंसं वाटलं का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वाटलं की मी शेळीशी बोलते." आम्ही घरी गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलतो; मराठीत लिहिताना तिचा चिमटा बोथट होतो.

१५ मे

पुढची तारीख मिळाली, वीस मे. आता काकांसाठी एक बंद खोली शोधायची. वाटतं तितकं सोपं नाही. हा सगळा आठवडा मी वेड्यासारखी खोल्यांकडे बघत फिरते आहे. कुठे दार आहे पण कडी नाही, कुठे कडी आहे पण वर पत्रा उचललेला. शाळेच्या वर्गाला खिडक्यांची तावदानं नाहीत. शेतात एकटेपणा आहे पण रेंज नाही. कळमनुरीच्या लॉजवर फोन केला, त्यांनी "किती माणसं, कशासाठी" असं विचारल्यावर मी ठेवून दिला.

प्रेमदास काका म्हणाले, "माझ्याच घरात बसू दे. मी बाहेर बसतो दाराशी." ते खरंच मनावर घेतात. रोज दोनदा येऊन विचारतात.

शेवटी जगनभाऊंनी मार्ग काढला. ते रस्त्यावरच्या दूध केंद्राचे सचिव. सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं की थंड करायच्या टाकीची खोली रिकामी असते. जाड दार, आतून कडी, एक उंच झरोका. मशीन अर्धा तास बंद ठेवतो म्हणाले. "फक्त लौकर आटपा. टाकी धुवायची असती."

वसराम काका जाऊन खोली बघून आले. टाकीवरून हात फिरवला, नळ उघडून बंद केला. परत येताना म्हणाले, "ब्येस हाय. तिकडच्यासारखाच वास येतो."

२० मे

झालं एकदाचं.

नऊला टँकर गेला. काका आत गेले, दाराला आतून कडी लागली. बाहेर मी उंबऱ्यावर बसले, कारण मी तसं वचन दिलं होतं की आत कोणी जाणार नाही आणि बाहेरून कोणी ऐकणार नाही. प्रेमदास काका झरोक्याखाली कॅन उलटा करून त्यावर उभे राहायला लागले. मी म्हटलं, "काका, खाली उतरा."

"अगं, त्याला इंग्रजी अडलं तर?"

"अडत नाही त्यांना. ऐकलंत ना त्या दिवशी."

"भाऊ हाय मी त्याचा."

मी ते पाठ केलेलं वाक्य मराठीत सांगितलं. कितीही जवळचा असो. ते कॅनवरून उतरले. पहिल्यांदाच मी मोठ्या माणसाला असं अडवलं. धाकधूक होती, पण चांगलंही वाटलं.

आतून काकांचं हसणं ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. मग काकांचा आवाज, सलग, खूप वेळ. मी काकांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शब्द कळत नव्हते आणि मी कळून घेतलेही नाहीत. शेवटी जगनभाऊ घड्याळ दाखवायला लागले तरी कडी उघडेना. मी दार वाजवलं. फोन तर कधीचाच संपला होता. काका टाकीला टेकून नुसते उभे होते. डोळे लाल. त्या खोलीत थंडी फार. आता त्यांना सवय राहिली नसेल.

"काय विचारलं?" प्रेमदास काकांनी लगेच विचारलं.

"गाईंचं विचारलं," वसराम काका म्हणाले. "मागं टाकी दिसली तिला. तिचा बाप पण गाया पाळत होता."

"एवढा वेळ गाया?"

"गाईंचं लई असतं बोलायसारखं."

२९ मे

अर्ज बंद झाला.

काकांनीच येऊन सांगितलं. "न्हाई झालं. मेल आला." मी म्हटलं, दाखवा, कारण काय दिलंय? ते म्हणाले, "इंग्रजी हाय, काय समजलं न्हाई." मी पुन्हा म्हटलं, द्या इकडे, मी वाचते. त्यांनी फोन खिशात घातला. "राहू दे पोरी. तुला तकलीफ झाली."

मला तकलीफ झाली म्हणतात. ज्यांच्या म्हातारपणाचं काम माझ्याकडून बिघडलं तेच माझी समजूत घालून गेले. फेट्याशिवाय ते आज तरुण दिसत होते, की मलाच तसं वाटलं.

सगळे कागद पुन्हा तपासले. पत्ता, सही, बँकेचा कोड. नोटरीचा शिक्का जरा पुसट आहे, तेच कारण असेल. ती पुसट प्रत मीच स्कॅन केली.

२ जून

मी फंडाला स्वतः लिहिलं होतं. मी मदतनीस आहे, माझी चूक काय झाली ते सांगा म्हणजे सुधारता येईल. आज उत्तर आलं. आपण उल्लेख केलेल्या नावाची व्यक्ती आमची सभासद आहे की नाही, हेसुद्धा आम्ही सांगू शकत नाही.

असा राग आला. महिनाभर मी काय भिंतीशी बोलत होते का? मग तेच निवेदन पुन्हा काढलं, जे मी एप्रिलमध्ये शब्दकोश घेऊन वाचलं होतं. वाक्य तिथेच आहे. मी खाली रेघही मारली होती. तेव्हा ते वाचताना 'इतर कोणालाही' यात मी स्वतःला धरलं नव्हतं.

४ जून

संध्याकाळी नायकबाबांनी बैठक बोलावली. प्रेमदास काकांनी माझ्यावर तक्रार केली होती. कळमनुरीच्या जागेसाठी ते शब्द देऊन बसले होते, आता तिथे तोंड दाखवता येईना.

"हिनं कागद बिघडवले," ते म्हणाले. "न्हाईतर आत काय झालं ते हिला माहीत हाय आणि सांगून न्हाई राहिली. खोली नायकबाबांची. अशीच चूक करून राहिली तर दुसरं कोणाला द्या केंद्र."

बाबा माझ्याकडे बघत होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नाही. केंद्र गेलं तर मी पुन्हा हिंगोलीला कोणाच्या तरी दुकानात टायपिंगला, किंवा लग्नाला. मी उभी राहिले.

"आत काय झालं ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "फंडालाही विचारलं, ते मलाही सांगत नाहीत. आणि खरं सांगते, माहीत असतं तरी काकांना विचारल्याशिवाय सांगितलं नसतं. मग तुम्ही केंद्र काढून घेतलं तरी चालेल."

चालणार नव्हतं. पण बोलून गेले.

नायकबाबा वसराम काकांकडे वळले. "तू सांग मग. काहून बंद झालं?"

काका उठले. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागला. "पोरीची चूक न्हाई. तिचे कागद बराबर होते. तिकडचा कायदा हाय तसा."

"कसा कायदा?" प्रेमदास काका म्हणाले. "माझ्याकडं बघून बोल, भाऊ."

"वय झाल्याबिगर न्हाई देत." वसराम काका जमिनीकडे बघत होते. "आणि आत जे बोललो ते आतच ठेवा म्हणाली ती. मी हो म्हणलं. आता शब्द दिला तो दिला."

हे मला चुकीचं वाटलं. देश सोडलेल्याला वयाची अट नाही, मी स्वतः वाचलंय. मी बोलायला तोंड उघडलं तर बायकांतून बेबी काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. माझीच बाजू घेण्यासाठी काका काहीतरी सांगत होते, त्यात मी त्यांना खोटं पाडू नये म्हणून असेल.

नायकबाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "ह्या तांड्यात कुणाची शेळी कधी व्याली ते सगळ्यांना ठाव असतं. ही पहिलीच गोष्ट हाय की कुणालाच ठाव न्हाई." तंबाखू तोंडात टाकली. "शब्द दिला म्हणतो तर राहू द्या. केंद्र चालू दे पोरीचं."

प्रेमदास काका उठून गेले. मला त्यांचं वाईट वाटलं. कोणासाठी मनापासून धडपडावं आणि हाती काही लागू नये.

५ जून

फंडाला अपील करता येतं. नियम शोधून मसुदा तयार केला, शिक्क्याची स्वच्छ प्रत जोडली. काकांनी फक्त सही करायची.

११ जून

दुपारी बेबी काकी केंद्रात आल्या. काखेत एक बोचकं होतं. उलगडलं तर पडदा. लाल कापड, कडेला कवड्या, मधोमध आरशांचं भरतकाम, तांड्यातल्या म्हाताऱ्याच आता तसं करतात. म्हणाल्या, "फेट्याचं कापड हाय, तुझ्या काकाचं. नवीन. त्यांनीच दिलं. त्या कोपऱ्यात बांध. बाईमाणसाला काही बोलायचं असलं तर दूध केंद्रापर्यंत कुठं जावं?"

आम्ही दोघींनी मिळून कोपऱ्यात दोरी ताणली. पडदा लागल्यावर आरशांचे कवडसे छतावर हलायला लागले आणि बाकावरची माणसं वर बघत बसली.

मी अपिलाचा मसुदा काढून दाखवला. "काकी, अजून आशा आहे. काकांना सही करायला पाठवा. मी सोडणार नाही."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवला. "नको गं माय. असू दे तिकडंच."

"पण काकी, एवढी मेहनत..."

"तिकडं थंडी हाय म्हणतेत," त्या म्हणाल्या. "टिकतं थंडीत."

मी पुन्हा समजवायला लागले की पैसा नासत नाही. त्या हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला. मग बाकाकडे एकदा बघितलं. प्रेमदास काका नव्हते. त्यांनी पडदा बाजूला केला, आत जाऊन स्टुलावर बसल्या आणि मला आत बोलावलं.

आत त्या काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही.